रेकॉर्डवर काही नको

चंद्रहास मयेकरला मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनात सगळे चंदूदादा म्हणतात. तिथल्या मराठी घरांपैकी निम्मी तरी घरं आधी चंदूदादाच्या गराजमध्ये गादी टाकून राहून मग स्वतःच्या पायावर उभी राहिलेली आहेत. भाड्याचं घर बघायचंय, चंदूदादाला विचारा. एजंट डिपॉझिट परत देत नाही, चंदूदादाला फोन लावा. गाडी कुठली घ्यावी, मुलाला कुठल्या शाळेत घालावं, सरकारी उपचारांचं मेडिकेअर कार्ड कधी येतं, सगळ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार. सल्ला फुकट, भरपूर, न मागताही मिळणारा. आणि सल्ला कशाचाही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं : "काहीही कर, पण रेकॉर्डवर काही नको."

हे वाक्य त्याने उगाच पाठ केलेलं नव्हतं. दोन हजार आठ साली तो डोंबिवलीहून मेलबर्नला स्वयंपाकाचा कोर्स करायला आला. वर्षभरात कॉलेजच बंद पडलं. फी बुडाली आणि व्हिसा लटकला. खोलीतला एक जण ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करताना सापडला आणि त्याला महिन्याच्या आत परत जावं लागलं. त्याच हिवाळ्यात स्टेशनबाहेर तीन पोरांनी चंद्रहासला गाठून फोन हिसकावला आणि तोंड फोडलं. मित्र म्हणाले, पोलिसांत चल. तो गेला नाही. ओठाला टाके घालणाऱ्या डॉक्टरला त्याने सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. पोलिसांत गेलं की फाइल उघडते, आणि उघडलेली फाइल कधी बंद होत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. आपल्याकडे अपघात म्हटला की आधी पोलीस, मग वकील, मग साक्षीदार, मग कोर्ट, हे बघत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? सगळा देश आपल्याच चुकीची वाट बघत टपून बसलाय, अशी त्याची खात्री होती.

मग सुरू झाली खरी रखडपट्टी. आडगावातल्या हॉटेलच्या भटारखान्यात कांदे चिरणं, एका व्हिसावरून दुसऱ्या व्हिसावर उडी, मध्येच लग्न, मध्येच मयूराचा जन्म. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली तेव्हा केस पांढरे झाले होते. नंतर तो बस चालवायला लागला. बस-ड्रायव्हर म्हणून चंद्रहास आदर्श होता. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी पिवळ्या दिव्याला ब्रेक मारायचा. स्वतःच्या गाडीचं वार्षिक रजिस्ट्रेशन, म्हणजे इथे सगळे ज्याला रेगो म्हणतात ते, नोटीस आल्याच्या दिवशीच भरायचा. भरतो ते पैसे नेमके कशाकशाचे, हे मात्र त्याने कधी वाचलं नाही. भरले म्हणजे सुटलो, एवढंच त्याला माहीत.

त्याची बायको रेखा वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. रेखा डावरी. लहानपणी तिच्या आईने उजव्या हाताने जेवायला शिकवलं, पण बाकी सगळं डाव्यानेच. पोळी लाटायची डाव्याने, मयूराच्या वेण्या घालायच्या डाव्याने, आणि वृद्धाश्रमातल्या ज्या बाया दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत त्या रेखाचा डावा हात धरूनच खुर्चीतून उठायच्या. तिच्या हातच्या कटाच्या आमटीला तर मराठी मंडळात तोड नव्हती. गुढीपाडव्याच्या जेवणाला आमटी रेखाचीच, हा अलिखित नियम होता.

त्या वर्षीच्या पाडव्याचं जेवण रविवारी दुपारी होतं. आमटीचं पातेलं डिकीत ठेवायचं नाही, हा रेखाचा नियम. एकदा ठेवलं होतं, सांडलं आणि सहा महिने गाडीला गोड्या मसाल्याचा वास येत राहिला. तेव्हापासून पातेल्यावर झाकण, झाकणावर फडकं घट्ट बांधून ते मांडीवर, आणि मध्ये येतो म्हणून सीटबेल्टचा वरचा पट्टा काखेखालून. पिवळ्या दिव्याला थांबणाऱ्या चंद्रहासला हे कसं चालायचं? चालायचं. आमटीपुढे भल्याभल्यांचं चालत नाही.

चंद्रहास पहाटेची शिफ्ट करून आला होता. आंघोळ करून, झब्बा घालून लगेच गाडीत बसला. त्या बाजूला नव्या घरांच्या वसाहती संपून जुनी शेतं लागतात, आणि शेतांच्या कडेने उंच युकॅलिप्टसची रांग अजून उरली आहे. सरळ रस्ता, ऊन, बंद काचा. त्याचा डोळा लागला. किती वेळ, कोण सांगणार! गाडी डावीकडे सरकली, रस्ता सोडून खाली उतरली आणि रेखाच्या बाजूने झाडावर आदळली.

आमटी छतापर्यंत उडाली होती. सुदैवाने ती कोमट होती. मागे पट्टा लावून बसलेल्या मयूराला खरचटलंही नव्हतं. रेखा ओरडली नाही. मान एका बाजूला टाकून ती म्हणाली, "अरे, माझा हात कुठाय?" हात जागेवरच होता, पण तिला तो जाणवत नव्हता.

तेवढ्यात एक म्हातारा आपला ट्रक थांबवून खाली उतरला. "यू राइट, मेट? अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू?"

आणि चंद्रहास, झब्ब्यावर आमटीचे ओघळ, हसून म्हणाला, "नो वरीज, मेट. ऑल गुड."

म्हातारा जरा घुटमळला आणि गेला. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं असेल ते सोडा. चंद्रहासच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. नागरिकत्व मंजूर झालं होतं, फक्त समारंभाची तारीख यायची होती. त्याआधी पोलीस केस? बस चालवणारा माणूस स्टिअरिंगवर झोपला, बायकोचा पट्टा काखेखाली? लायसन जाणार, नोकरी जाणार, नागरिकत्व जाणार. सतरा वर्षं काचेच्या भांड्यासारखं जपत आणलेलं सगळं एका झाडावर फुटणार. त्याने धडधडणारी, खरडणारी गाडी तशीच घरी नेली, गराजमध्ये घातली आणि शटर ओढलं. मग रेखाला तिच्या छोट्या गाडीत बसवून हॉस्पिटलला निघाला. मयूरा मागे बसली होती. तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं.

वाटेत त्याने रेखाला पढवलं. "ऐक. आमटीचं पातेलं घेऊन गराजच्या पायरीवरून पडलीस. बस. कपड्यांना वासही आहे. गाडीचं नाव काढायचं नाही."

"सो वी आर लाइंग?" मागून मयूरा.

"तू गप्प बस. आणि चूक आपलीच आहे गं, रेखा. समोर दुसरी गाडी असती तर तिच्या इन्शुरन्सकडून काही मिळालं असतं. आपल्याच चुकीचे पैसे आपल्याला कोण देणार? उलट फाइल तेवढी उघडेल."

रेखाने मान हलवली. तिला हलवता येत होती तेवढी.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं, ते हॉस्पिटलने बघितलं. बरगड्यांवर, दंडावर पातेल्याच्या काठाचे काळेनिळे वळ होते, तेही बघितले. पडलात कशा, म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं, आणि रेखाने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. झोळी बांधून तिला घरी पाठवलं. सरकारी हॉस्पिटल, एक पैसा लागला नाही. घरी येताना चंद्रहासला वाटलं, सुटलो. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता, आणि त्या आनंदाची नंतर त्याला फार शरम वाटली.

गाडी त्याने संजीवकडे नेली. संजीव मराठीच, गराज चालवायचा, न विचारता काम करायचा. त्याने चेपलेल्या दाराचे फोटो काढले, पार्टचे भाव विचारायला कोणाकोणाला पाठवले आणि दार बदलून दिलं. नागरिकत्वाचा समारंभ झाला. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, प्रत्येकाला कुंडीतलं एक रोप दिलं. रेखाने ते उजव्या हातात धरून फोटो काढला. डावा हात झोळीतून निघाला होता, पण तो पदराखाली.

हाड जुळलं होतं. हात जुळला नव्हता. दंड वर होत नव्हता, मनगट खाली लोंबायचं, बोटं हाक मारल्यासारखी जराशी हलायची आणि थांबायची. क्लिनिकमधला तरुण डॉक्टर म्हणाला, पायरीवरून पडल्यावर नस ताणली जाते, बहुतेकांची आपोआप बरी होते, थांबू या. नसांच्या तपासणीसाठी नाव घातलं. सरकारी रांग. फॅमिली डॉक्टरने फिजिओच्या वर्षाला मिळतात तेवढ्या पाच भेटी लिहून दिल्या. त्या संपल्या. "बाहेर पैसे भरून दाखवू या का?" चंद्रहासने विचारलं. रेखा म्हणाली, "हात बरा होईल म्हणतायत ना डॉक्टर, मग होईल." वृद्धाश्रमातली तिची नोकरी कॅज्युअल होती. काम नाही तर पगार नाही. आधी फोन यायचे, बरी आहेस का. मग कमी झाले, मग बंद.

या काळात चंद्रहासने तोंड उघडलं असतं तर? पण आता तर तोंड उघडणं आणखी कठीण झालं होतं. खरं लपवून नागरिक झालो, हे कळलं तर तेही काढून घेतील, अशी नवी भीती जुन्या भीतीवर चढली. घाबरट माणसाचं हे असंच असतं, एक भीती संपली की तो दुसरी शोधून आणतो. रात्रंदिवस तो रेखाच्या बोटांकडे बघायचा. तिच्याशी बोलतानाही नजर बोटांवर. शेवटी ती हात ओढणीखाली ठेवायला लागली.

नव्या वर्षी फिजिओच्या नव्या पाच भेटी मिळाल्या, आणि यावेळी शेजारच्या टार्नीटच्या दवाखान्यात त्यांना बीट्रिस भेटली. बीट्रिस घोन्साल्विस, वसईची, इथे वीस वर्षं फिजिओथेरपी करणारी. मराठी नाव वाचून तिने दारातच विचारलं, "मयेकर म्हणजे कोकणातले का डोंबिवलीतले?" रेखा कित्येक दिवसांनी हसली.

बीट्रिसने मान दाबून बघितली, खांदा बघितला, एकेक बोट उचलायला सांगितलं. तिचं हसणं हळूहळू कमी झालं.

"रेखा, पायरीवरून पडून असं नाही होत गं. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे झटक्याने ओढला गेला की हे होतं. बाइकवाल्यांना होतं, कारमधल्यांना होतं. कार होती का?"

"नाही, नाही," चंद्रहास म्हणाला. "पायरीच. गराजची."

"कार होती," रेखा म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

बीट्रिस स्टुलावर बसली. "मग क्लेम का नाही केला?"

"कोणावर करणार?" चंद्रहासचा आवाज चढला. "मीच झोपलो. झाडावर गेलो. चूक माझी. माझ्या चुकीचे पैसे मला कोण देणार?"

"अरे, पण उपचारासाठी इथे कोणाची चूक ते बघतच नाहीत!" बीट्रिस म्हणाली. "व्हिक्टोरिया राज्यात हे असंच आहे. तू रेगो भरतोस ना? त्यातच असतो हा इन्शुरन्स. तू झोपून झाडावर गेलास तरी हिचं सगळं कव्हर होतं. अ‍ॅम्ब्युलन्स, प्रायव्हेट सर्जन, फिजिओ, घरी मदतीला बाई, यायला-जायला टॅक्सी. पगार बुडाला त्यातलाही काही भाग. तुलासुद्धा लागलं असतं तर तुझंही झालं असतं. फिरायला आलेल्या सासूला लागलं तरी होतं. पोलिसांना कळवायचं आणि क्लेम करायचा, एवढंच."

"आणि व्हिसा?"

"व्हिसाचा काय संबंध?"

गावभर सल्ले वाटत फिरणारा माणूस, ज्या इन्शुरन्सचे पैसे वर्षानुवर्षं नोटीस आल्याच्या दिवशी भरत होता त्याच्याबद्दलच पहिल्यांदा ऐकत होता. कोणाला हसू आलं असतं. त्याला घाम फुटला.

"किती महिने झाले?" बीट्रिसने विचारलं, आणि रेखाने नऊ म्हटल्यावर तिने रेखाची बोटं पुन्हा एकदा तपासली. "वर्षाच्या आत आहात, क्लेम होईल. उद्याच करा. आज करा." पण नसेबद्दल ती काहीच बोलली नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रहास इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस स्टेशनवर गेला. काउंटरवरच्या पोरगेल्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं. तेव्हाच कळवायला हवं होतं मेट, म्हणून दोन शब्द सुनावले, दंड येईल बहुतेक, म्हणाला, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. चंद्रहास तिथेच उभा राहिला. "एनीथिंग एल्स?" हवालदाराने विचारलं. काहीच नव्हतं. बेड्या नाहीत, वकील नाही, कोर्ट नाही. ज्या जागेला तो सतरा वर्षं भीत आला होता तिथलं काम बँकेत पासबुक भरून घ्यावं इतक्यात संपलं होतं. तो बाहेर येऊन गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

विमा ऑफिसातून एका बाईचा फोन आला. संजीवच्या फोनमधले दाराचे फोटो सापडले होते, ते पोचले होते. हॉस्पिटलात वेगळं का सांगितलं, तेही तिने शांतपणे ऐकून घेतलं. चंद्रहासला राहवलं नाही. तो म्हणाला, "इट वॉज माय फॉल्ट. आय फेल अस्लीप."

"दॅट्स ओके, चंद्रहास," ती म्हणाली. "तिच्या ट्रीटमेंटसाठी ते आम्हाला लागत नाही. हाऊ इज शी गोइंग?"

तिने रागावायला हवं होतं असं त्याला वाटलं. कोणीतरी रागावायला हवं होतं. पण क्लेम मंजूर झाला, आणि नंतर सगळं भराभर होत गेलं. सरकारी रांगेत जिचा नंबरही लागला नव्हता ती नसांची तपासणी आठवड्यात झाली. शहरातल्या मोठ्या सर्जनची वेळ मिळाली. न्यायला टॅक्सी येऊ शकत होती, पण चंद्रहास म्हणाला, मी नेतो. त्याला अजून आशा होती. वाटेत तो बोलत होता, इथले सर्जन जगात एक नंबर, रोबो असतो त्यांच्याकडे, वगैरे. रेखा खिडकीबाहेर बघत होती.

सर्जनने तपासणीचे कागद बघितले, हात बघितला, खुर्ची जवळ ओढली. चांगला माणूस होता, घाई केली नाही. म्हणाला, मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा मुळाशी तुटल्या होत्या. अशा नसा जोडता येतात, दुसरीकडची नस आणून लावता येते. पण पहिल्या सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर स्नायूच वाळून जातात, नस जोडली तरी तिचं ऐकायला पलीकडे कोणी राहत नाही. मनगट ताठ करण्याचं एक छोटं ऑपरेशन होईल, मग कदाचित कप धरता येईल. त्याचा खर्च विमा देईल. आयुष्यभर जे लागेल ते देईल.

"अ‍ॅक्सिडेंट कारचा होता हे माहीत असतं तर," तो म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात मानेकडे बघितलं असतं." तो हे कोणाला बोल लावायला म्हणाला नाही. नुसतं सांगितलं.

पार्किंगमध्ये दोघं गाडीत बसली. चंद्रहासने गाडी सुरू केली नाही.

"रेखा," तो म्हणाला, "मला शिव्या तरी घाल."

तिने नजर समोरच्या भिंतीवर ठेवली. मग म्हणाली, "तुला एक सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात तुला कॉफी आणायला पाठवलं होतं ना, तेव्हा एक बाई आत आली. दार लावलं. अंगावरचे वळ बघून तिला वाटलं, तू मला मारतोस. म्हणाली, नवरा मारतो का, घाबरू नकोस, खरं काय ते सांग, मी कोणाला सांगणार नाही. मला हसूच आलं. म्हटलं, नाही हो, माझा नवरा तसा नाहीये. तर म्हणाली, मग हे कशाने झालं? माझ्या ओठांवर आलं होतं, कार म्हणून."

"मग?"

"दाराला काच होती. तू बाहेर बसला होतास. दोन्ही हातांत दोन कप, झब्बा घामाने भिजलेला. इतका घाबरलेला माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. म्हटलं, जाऊ दे. तुटलं तर हाडच तुटलंय, ते जुळेल. मी पायरी म्हणून सांगितलं." तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. "मला तुझी दया आली, चंदू."

चंद्रहासने तिचा हात धरायला हात पुढे केला.

"आता नाही येत रे," रेखा म्हणाली. "आणायचा प्रयत्न करते. येत नाही. चल, मयूराची शाळा सुटेल."